कंसात लिहिलेलं वाक्य

या वेळचं पत्र एनआयसीयूबाहेर, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर, बसलेल्या एका आईचं आहे. थोडं कमी करून देते.

"ताई, माझा मुलगा २९ आठवडे पूर्ण झाले त्याच दिवशी जन्मला. वजन ११४० ग्रॅम. आज तो २४ दिवसांचा आहे. वजन आधी १०३०पर्यंत उतरलं, बाराव्या दिवशी जन्माइतकं झालं. परवा १३७० होतं, आज १३५५. एकोणिसाव्या दिवशी श्वासाला आधार देणारा सीपॅप निघाला, आम्ही सगळ्यांना फोन करकरून सांगितलं. बाविसाव्या दिवशी मी त्याला कांगारूसाठी छातीवर घेतलं होतं आणि त्याचा श्वास थांबला. मॉनिटर वाजायला लागला, ओठ निळे पडले. सिस्टरनी पाठ चोळली तेव्हा श्वास आला. संध्याकाळी सीपॅप परत लावला. रक्त तपासलं, संसर्ग नाही म्हणाले. (हातातली लांब सलाईनची नळी गेल्या आठवड्यात काढली, आता सगळं दूध पोटातल्या नळीनं जातं, दर दोन तासांनी १८ मिलि.) तेव्हापासून मी त्याला घेतलेलं नाही. काचेच्या पेटीत हात घालायचीसुद्धा भीती वाटते. दूधही उतरलंय, पंपाला ६० मिलि यायचं ते ४० वर आलं. नवरा म्हणतो, इतका विचार करू नकोस. घरचे रोज विचारतात, कधी आणणार? मी रोज सकाळी वजन वहीत लिहिते आणि त्या आकड्यावर माझा दिवस ठरतो. एवढंच सांगा, तो पुढे चाललाय की मागे? आणि हे माझ्यामुळे झालं का?"

अगं, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो मनात घोळत असेपर्यंत बाकीचं काही तुझ्या कानात शिरणार नाही. तुझ्यामुळे झालं नाही.

मी २६ वर्षं एनआयसीयूत सिस्टर होते. रात्रपाळीला पेटीत एकट्यानं झोपलेल्या, तासभर कुणी हातही न लावलेल्या बाळांचे श्वास थांबलेले मी किती वेळा पाहिलेत याची गणती नाही. पाठीवरून दोन बोटं फिरवायची किंवा तळव्याला हलकीशी टिचकी मारायची, की बाळ आळस दिल्यासारखं हातपाय ताणतं आणि पुन्हा श्वास घ्यायला लागतं. आयांना हे दिसत नाही, कारण त्या वेळी त्या तिथे नसतात. तुझ्या बाळाचा श्वास तुझ्या छातीवर थांबला, म्हणून तो तुला दिसला. त्याआधीही थांबला असेल. सिस्टरच्या तक्त्यात वेळेसकट नोंद असते, हवी तर बघायला माग.

श्वास घे, ही आज्ञा मेंदूच्या देठातून येते. दिवस भरून जन्मलेलं बाळ ती व्यवस्था तयार करूनच येतं, तुझ्या बाळाची अजून तयार होतेय. म्हणून तो श्वास घेता घेता थांबतो. वीस सेकंदांहून जास्त थांबला, किंवा त्याच्या आतच ठोके मंदावले, रंग उतरला, तर त्याला ॲप्निया म्हणतात. ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बहुतेक बाळांना तो होतो आणि साधारण ३६-३७ आठवड्यांपर्यंत बहुतेकांचा आपोआप जातो. त्यासाठीच या बाळांना कॅफीन देतात. तेच, चहा-कॉफीतलं. औषध म्हणून मोजून दिलं की ते श्वासाच्या त्या आज्ञेला जागं ठेवतं.

एक गोष्ट मात्र बघून घे. या बाळांची श्वासनलिका मऊ असते. मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकली, की ती दबते. छातीवर घेतलंस की बाळाचं तोंड एका बाजूला असू दे, मान किंचित वर, हनुवटी छातीपासून सुटी. पहिले दोन-तीन दिवस सिस्टरला शेजारी उभं राहून तेवढं बघायला सांग. त्या दिवशी मान वाकली होती की नव्हती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्यावरून स्वतःला कोसत बसण्यात काही अर्थ नाही. पुढच्या वेळी कसं धरायचं, एवढाच त्याचा उपयोग.

आता सीपॅपबद्दल. सगळ्यांना फोन करून सांगितलं आणि तीन दिवसांत तो परत लागला, तेव्हा कसं वाटलं असेल ते मला कळतं. पण सीपॅप करतो काय ते बघ. श्वास बाळच घेतं. नाकातून येणारा हवेचा हलका दाब श्वास सोडताना फुप्फुसातले बारीक फुगे मिटू देत नाही, एवढंच. ते मिटले, की पुढचा श्वास घेताना ते नव्यानं उघडायला लागतात. कोरा फुगा पहिल्यांदा फुगवताना किती जोर लागतो आठव. तेवढा जोर दर श्वासाला, मिनिटाला पन्नास वेळा. शिवाय त्याच्या बरगड्या अजून मऊ, त्यामुळे श्वास ओढताना छातीच आत जाते. त्या तीन दिवसांत तुझ्या मुलानं हे सगळं स्वतःच्या बळावर केलं. तीन दिवस! मग दमला. दमल्यावर त्याला व्हेंटिलेटर लागला नाही, सीपॅपवरच भागलं. सीपॅप निघणं, परत लागणं, पुन्हा निघणं हे इतक्या बाळांच्या बाबतीत होतं, की आम्ही सिस्टर पहिल्यांदा निघाल्याचा दिवस आयांना फारसा साजरा करू द्यायचो नाही. त्यामागे कोरडेपणा नव्हता. परत लागला की त्या किती कोसळतात, ते आम्ही पाहिलेलं असायचं.

आता तुझ्या पत्राकडे येते. मी ते तीनदा वाचलं. त्यात एक वाक्य तू कंसात टाकलंयस. हातातली लांब नळी काढली, सगळं दूध पोटातल्या नळीनं जातं. अगं, त्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तीच आहे! ती लांब नळी हातातल्या शिरेतून थेट हृदयाजवळ नेलेली असते, कारण आतडं अन्न घ्यायला तयार नसतं आणि सगळं पोषण रक्तातून द्यावं लागतं. ती निघाली, म्हणजे त्याच्या आतड्यानं काम हातात घेतलं. आता तो जे वाढतोय ते तुझ्या दुधावर वाढतोय. आणि ती नळी जितके दिवस आत, तितके दिवस संसर्गाला आत शिरायची एक वाट उघडी, तीही बंद झाली. आमच्याकडे ही नळी निघाली, की ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला सगळ्यात आधी तेच सांगायचो. तू ते कंसात लिहिलंस, कारण वहीत त्यासाठी रकानाच नाही. तुझ्या वहीत फक्त वजन आहे.

वजनाचं सांगते. परवा १३७०, आज १३५५, फरक १५ ग्रॅम. त्याचं एका वेळचं दूध १८ मिलि, म्हणजे जवळपास १८ ग्रॅम. परवा दूध पाजल्यावर वजन केलं आणि आज पाजायच्या आधी केलं, तर काहीही न बिघडता आकडा एवढा खाली येतो. शी केली, डायपर बदलला, पायाची वायर काढायची राहिली, सीपॅपची नळी एका हातानं वर धरली की नाही, या प्रत्येकानं पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे होतात. म्हणून डॉक्टर एका दिवसाच्या आकड्यावर फारसं काही ठरवत नाहीत. ते आठवड्याची सरासरी काढतात. या वयाच्या बाळानं दर किलोमागे दिवसाला १५ ते २० ग्रॅम वाढावं, अशी अपेक्षा असते. तुझंच गणित कर. बाराव्या दिवशी ११४०, चोविसाव्या दिवशी १३५५. बारा दिवसांत २१५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे १८, किलोमागे १४ च्या वर. आणि त्यात तो तीन दिवस सीपॅपशिवाय झुंजला. उत्तम म्हणणार नाही, पण चिंता करण्यासारखंही नाही. राउंडला डॉक्टरांना विचार, की दुधात पोषक पावडर सुरू आहे का किंवा वाढवायची आहे का. ती देतात म्हणून तुझं दूध निकस आहे असं समजू नकोस. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ वारेतून जेवढं कॅल्शियम, फॉस्फरस आणि प्रथिनं घेतं, तेवढं कुठल्याच आईच्या दुधात एकट्यानं भरून निघत नाही. हाडांचा तो साठा त्याला आता बाहेर जमवायचाय.

तर पुढे की मागे? पुढे. मी त्याला तपासलेलं नाही, त्याचे डॉक्टर सांगतील ते माझ्या वरचं. पण तू लिहिलंस त्यावरून तो पुढे चाललाय. तू ज्या रोजच्या आकड्यावरून ठरवतेस, त्यावरून ते कळणार नाही. त्याला आधार किती लागतोय, त्यावरून कळेल. वहीचं पान बदल. रोज लिहू नकोस. आठवड्यातला एक वार ठरव आणि मागच्या त्याच वारी काय लागत होतं, आज काय लागत नाही, एवढंच लिही. ऑक्सिजन किती टक्के? साध्या हवेत २१ टक्के असतो. सीपॅप असला तरी त्यातून २१ किंवा त्याच्या जवळपासच लागत असेल, तर फुप्फुसं चांगलं काम करताहेत. पेटीचं तापमान किती कमी करावं लागलं? दिवसात किती वेळा श्वास थांबला, आणि थांबला तेव्हा आपला आपण सुरू झाला की चोळावं लागलं? नळीनं दूध जात असताना तो ओठ हलवतो का? हे शेवटचं तू स्वतः बघ. दूध पोटात उतरत असतं आणि तो झोपेत चोखल्यासारखी जीभ पुढे-मागे करतो. मशीन ते टिपत नाही.

आणि त्याचं वय. तू २४ दिवस मोजतेस, म्हणून तुला वाटतं महिना होत आला तरी अजून चोखून पीत नाही. मी त्याला ३२ आठवडे ३ दिवसांचा धरते. अजून ५३ दिवस त्यानं तुझ्या पोटात असायला हवं होतं. चोखणं, गिळणं आणि मध्येच श्वास घेणं, या तिघांचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या सुमाराला जमायला लागतो. तो मागे पडलेला नाही, त्याची वेळच आलेली नाही. घरी गेल्यावरही पहिली दोन वर्षं मान धरणं, बसणं, चालणं प्रसूतीच्या मूळ तारखेपासूनच मोज. लसी मात्र जन्मतारखेनुसार. या दोन गोष्टींची गल्लत फार आया करतात.

त्याला छातीवर घे. उद्याच, डॉक्टर हो म्हणाले की. सीपॅप असतानाही घेता येतं. नळ्या सांभाळायला सिस्टर असतात. या कांगारू पद्धतीचा जन्मच टंचाईतून झाला. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एदगार रे सानाब्रिया नावाच्या डॉक्टरांकडे इन्क्युबेटर कमी पडत होते, एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं, संसर्ग एकाचा दुसऱ्याला. त्यांनी बाळं आयांच्या छातीवर दिली. कित्येक वर्षं लोक याला गरिबाघरचा इन्क्युबेटर समजत राहिले. मग २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या रुग्णालयांत झाला होता, आणि त्यात जन्मतः एक किलो ते १.८ किलोच्या आतली बाळं होती. तुझा मुलगा त्यातच बसतो. बाळ स्थिर होईपर्यंत थांबायचं की जन्मल्याबरोबर आईला द्यायचं, हा प्रश्न होता. लगेच छातीवर दिलेल्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे चतुर्थांशानं कमी झाले. फायदा इतका स्पष्ट दिसला, की तो अभ्यास मुदतीआधीच थांबवला. त्यानंतर २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या सगळ्या बाळांसाठी दिवसाला ८ ते २४ तास छातीवर ठेवण्याची शिफारस केली. दोन दिवस तू त्याला ज्या गोष्टीपासून लांब ठेवलंस, ते त्याचं औषध आहे ग. रागावत नाही. भीती कुणालाही वाटली असती.

घेतलंस की निदान तासभर तरी हलू नकोस. पेटीतून काढणं आणि परत ठेवणं यात त्याची दमछाक होते. मॉनिटरकडे पाठ येईल असं बस. हे मी मुद्दाम सांगतेय. पायाची पट्टी जरा सैल झाली किंवा त्यानं पाय झाडला तरी आकडा पडतो आणि घंटा वाजते. आकडा सिस्टरना बघू दे. तू त्याचा रंग बघ, आणि तुझ्या त्वचेला लागणारा त्याचा श्वास.

दुधाचंही उत्तर यातच आहे. ६० चं ४० झालं ते याच दोन दिवसांत. बाळ छातीवर असलं की पान्हा येतो, धास्तीत तो आखडतो. बाळाला घेतल्यानंतर लगेच, त्याच्या जवळच बसून पंप लाव. दिवसातून आठ वेळा, त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची चुकवू नकोस, दूध आणणारं संप्रेरक तेव्हा जास्त असतं. आणि हिशोबानं बघ. त्याला दिवसाला २१६ मिलि लागतं. तुझे ४० गुणिले ८, ३२० होतात. तो पोटभर पिऊन तुझं उरतंय. आज कमी नाही, पण त्याची भूक वाढत जाणार, म्हणून आठ वेळा सोडू नकोस. कमी दिवसांच्या बाळाचं आतडं सडण्याचा जो भयंकर आजार असतो, त्याचा धोका आईच्या दुधानं खूप कमी होतो. या बाबतीत तुझ्या जागी दुसरं कुणी उभं राहू शकत नाही.

त्या आजाराचं नाव काढलं, तर काय दिसलं की लगेच सांगायचं तेही लिहिते. पोट फुगून टणक होणं, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दोन दिवस शांत असलेल्या बाळाचे श्वास अचानक पुन्हा पुन्हा थांबणं, अंग गळून जाणं, रंग राखेसारखा होणं. हे दिसलं तर, मी उगीच घाबरतेय का, असा विचारही करू नकोस. "आज हा वेगळा दिसतोय," असं आईनं म्हटलं की चांगली सिस्टर हातातलं काम टाकून येते.

घरच्यांना तारीख सांगू नकोस. मूळ तारखेच्या आसपास, असं एकदा सांग आणि रोजचे फोन नवऱ्याकडे दे. घरी सोडण्यासाठी बाळाला पेटीबाहेर स्वतःची ऊब टिकवता यायला हवी, सगळं दूध तोंडानं प्यायला हवं, वजन वाढत राहायला हवं, आणि कॅफीन बंद केल्यावर काही दिवस एकदाही श्वास थांबायला नको. हे शेवटचं फार छळतं. उद्या घरी, असं ठरतं आणि रात्री एकदा ॲप्निया होतो, की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. तुला आताच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा धक्का कमी बसेल.

नवऱ्यालाही छातीवर घेऊ दे. विचार करू नकोस म्हणणारा माणूस स्वतः किती विचार करतोय, ते त्याला कुणी विचारलेलं नसतं. आणि तुझी झोप. संधी मिळूनही झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, नकोसे विचार येत असतील, तर त्याच्या डॉक्टरांनाच सांग, ते तुला योग्य माणसाकडे पाठवतील. एनआयसीयूतल्या अनेक आयांना ही गरज पडते.

एक काम या आठवड्यातलं. तो २४ दिवसांचा आहे. जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत, आणि १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्यांची तर दोन-तीन आठवड्यांतच, या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करतात. त्यातल्या रक्तवाहिन्या अजून पूर्ण वाढलेल्या नसतात, वेड्यावाकड्या वाढल्या तर दृष्टी जाऊ शकते, आणि वेळेत सापडलं तर उपचार आहेत. ती झाली का, नसेल तर तारीख ठरली का, हे उद्या स्वतःहून विचार. पहिल्यांदा सगळं ठीक म्हणाले तरी पुढच्या तारखा असतात, घरी गेल्यावरही, त्यातली एकही चुकवू नकोस. डोळ्यांत थेंब घालतात, पापण्या उघड्या धराव्या लागतात, बाळ रडतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी श्वास जास्त वेळा थांबू शकतो. तेव्हा पुन्हा मला "माझ्यामुळे झालं का" असं लिहू नकोस. तपासणी झाली, तो जरा निवला, की सिस्टरला विचारून छातीवर घे.

पुढच्या पत्रात वजन नको. हा आठवडा संपताना त्याला काय लागेनासं झालं ते लिही, आणि कंसात टाकू नकोस.